रिपोर्टमध्ये ‘स्टॅफ’ आला, आता काय करायचं? इसब असणाऱ्यांसाठी

‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस, भरपूर वाढ.’ इसबाच्या चट्ट्यावरून घेतलेल्या स्वॅबच्या रिपोर्टवर ही ओळ मी नोकरीत असंख्य वेळा टाइप केली आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ती ओळ वाचून माणसाच्या पोटात गोळा येतो हेही मला ठाऊक आहे, कारण हा आजार माझ्याही अंगावर आहे. कोपरांच्या आतल्या घड्या, मान, आणि डाव्या मनगटावर घड्याळाचा पट्टा बसतो ती जागा. इसबाचे प्रकार बरेच आहेत. मी लिहिते आहे ते ॲटोपिक डर्मटायटिसबद्दल, म्हणजे लहानपणी सुरू होणारं, कोरड्या त्वचेचं, खाजरं आणि परत परत उफाळणारं इसब.

आधी त्या ओळीचा अर्थ नीट लावू. ‘तुम्हाला जंतुसंसर्ग झालाय’ असं ती सांगत नाही. त्या जागी हा जीवाणू राहतो, एवढंच ती सांगते. लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं की या आजाराच्या जवळजवळ सगळ्या चट्ट्यांवर तो सापडतो. पुढे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१६ मध्ये हिशोब मांडला गेला, तेव्हा सुमारे ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर तो निघाला आणि ३९ टक्के रुग्णांच्या अगदी स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेवरही निघाला. इसब नसलेल्या कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यामुळे इसबाच्या स्वॅबमध्ये हा जीवाणू उगवला यात आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना नवल वाटत नाही. नाही उगवला, तर आम्ही नमुना नीट घेतला होता का ते तपासतो.

मग करायचं काय? कामाचा क्रम असा धरा: आधी त्वचेचं आवरण सांभाळायचं, मग आतला दाह शमवायचा, आणि खरोखर गरज पडली तरच जंतू मारायला निघायचं. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात. आधी अँटिबायोटिक, मग जंतुनाशक साबण, आणि मॉइश्चरायझर आठवला तर. छत गळत असताना खालची फरशी पुसत बसण्यासारखं आहे ते. हा क्रम का, हे कळलं की तो पाळायला कंटाळा येत नाही, म्हणून आधी थोडं विज्ञान.

जंतू आणि प्रतिकारयंत्रणा यांचं नेमकं काय चालतं

त्वचा हा एकच प्रदेश नाही. कपाळ तेलकट, पोटरी कोरडी, कोपराची घडी दमट, आणि प्रत्येक ठिकाणची जीवाणूंची वस्ती निराळी. २००९ मध्ये ग्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी माणसांच्या अंगावरच्या २० जागांमधले जीवाणू त्यांच्या जनुकांवरून ओळखले, तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. एकाच माणसाच्या काखेत आणि हाताच्या कोरड्या भागात जेवढा फरक होता, तेवढा दोन वेगवेगळ्या माणसांच्या काखांमध्ये नव्हता.

या वस्तीतले बहुतेक रहिवासी आपल्या उपयोगाचे असतात. नमुन्यातले जीवाणू वाढवायच्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या पांढऱ्या वसाहती दिसल्या की नव्या मुलांना मी सांगते, या घरच्या माणसांकडे ‘घाण’ म्हणून बघू नका. एपिडर्मिडिस, होमिनिस या मंडळींच्या काही जाती स्वतःच जंतुनाशक द्रव्यं तयार करतात आणि ऑरियसला डोकं वर काढू देत नाहीत. सॅन डिएगोमधल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की अशा उपयोगी जाती इसबाच्या रुग्णांच्या त्वचेवर कमी असतात. रुग्णाच्याच अंगावरून त्या वेचून, वाढवून, मलमातून परत लावल्या तेव्हा ऑरियसची संख्या घटली. म्हणून सगळे जंतू सरसकट मारणारा उपाय ऐकायला कितीही चांगला वाटला तरी त्यात आपलीच माणसं आधी जातात.

ऑरियसला जागा मिळते कशी? पहिलं कारण आवरणाचं. त्वचेच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तुकडे होऊन जी द्रव्यं बनतात ती त्वचेत पाणी धरून ठेवतात आणि तिला किंचित आम्ल ठेवायला मदत करतात. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो (पीएचचा आकडा जितका कमी, तितका आम्लपणा जास्त). हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते, हे डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. सगळ्याच रुग्णांत हा बिघाड नसतो, पण फिलाग्रिन कमी पडणं ही गोष्ट बहुतेकांत कुठल्या ना कुठल्या वाटेने घडतेच. त्वचा कोरडी पडते, तिचा आम्लपणा उतरतो, बारीक भेगा पडतात. ऑरियसला चिकटायला याहून सोयीची जागा नाही.

दुसरं कारण प्रतिकारयंत्रणेचं, आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून होतंय’ असं इसबवाल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं. प्रत्यक्षात ती कमी नसते, भलत्या दिशेला वळलेली असते. या आजारात टी-हेल्पर २ नावाच्या पेशींचा जोर असतो. त्या इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ हे संदेश सोडतात. हे दोन संदेश फिलाग्रिन आणखी कमी करतात, वर त्वचेच्या पेशी एरवी जी जंतुनाशक प्रथिनं बनवतात त्यांनाही लगाम घालतात. २००२ मध्ये इसब आणि सोरायसिस या दोन आजारांची त्वचा शेजारी ठेवून पाहिली गेली. सोरायसिसच्या चट्ट्यात ही जंतुनाशक प्रथिनं भरपूर होती, इसबाच्या चट्ट्यात फार कमी. सोरायसिसच्या चट्ट्यावर जाड खपल्या असूनही तो सहसा चिघळत नाही आणि इसब मात्र सतत चिघळतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

आता ऑरियसची करणी. तो नुसता बसून राहत नाही. त्याच्या काही जाती सुपरअँटिजेन म्हणून ओळखली जाणारी विषं सोडतात, ती एकाच वेळी ढीगभर टी-पेशींना चेतवतात. त्याचं डेल्टा टॉक्सिन नावाचं विष मास्ट पेशींना, म्हणजे दाहाची द्रव्यं साठवणाऱ्या पेशींना, ती द्रव्यं सोडायला लावतं आणि दाह वाढवतं, हे २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं. आणि २०२३ मध्ये हार्वर्डमधल्या आयझॅक चू यांच्या गटाने जे दाखवलं ते वाचून मी खुर्चीतून उठून सहकाऱ्यांना सांगायला गेले होते. ऑरियसचं व्ही-८ नावाचं एक विकर (एन्झाइम) त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट डिवचतं आणि खाज सुटते. दाह मध्ये यायलाही हवा असं नाही. प्रयोग उंदरांवरचा आहे, तो सगळा जसाच्या तसा माणसाला लावू नये. पण चट्टा लाल दिसत नसतानाही जीव जाईल अशी खाज का सुटते, हा प्रश्न ज्यांना पडलेला आहे त्यांना त्यात काहीतरी सापडेल.

खाज सुटली की आपण खाजवतो, आवरण फाटतं, ऑरियस आणखी आत शिरतो, दाह वाढतो, दाहाने आवरण आणखी कमकुवत होतं. हे चक्र कुठे तोडायचं हाच खरा प्रश्न. हायडी काँग आणि जुली सेग्रे यांच्या २०१२ च्या अभ्यासात लहान मुलांच्या त्वचेवरचे जीवाणू आजार शांत असताना, उफाळला असताना आणि उपचारानंतर मोजले गेले. उफाळल्यावर स्टॅफचं प्रमाण वाढलं आणि बाकीची विविधता गळाली. उपचारानंतर विविधता परत आली. तसंच डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-४ आणि १३ चा संदेश अडवतं. ते अँटिबायोटिक नाही, जीवाणूला हातही लावत नाही. तरीही ते घेणाऱ्यांच्या त्वचेवरचा ऑरियस कमी होतो. आग विझली की त्याचं बस्तान उठतं. वरचा क्रम मी सांगितला तो यासाठीच.

आंघोळ आणि त्यानंतरची काही मिनिटं

पाणी कोमट हवं. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते, ते सुख मला चांगलं माहीत आहे, पण पुढचा तासभर ती व्याजासकट परत येते. पाच ते दहा मिनिटं पुरेत. घासणी, ब्रश, खडबडीत कापड यांना हात लावू नका. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो, म्हणजे ज्या आम्लपणाने ऑरियसला रोखायचं तोच आपण रोज सकाळी धुऊन काढतो. त्याऐवजी साबणविरहित क्लेन्झर घ्या, वेष्टनावर पीएच ५.५ च्या आसपास लिहिलेला आणि सुगंध नसलेला. तोही फक्त काख, जांघा, पावलं अशा गरजेच्या जागी. ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ असं मिरवणारा साबण इसबाच्या त्वचेसाठी नाही. ते ९९.९ टक्के कोण, हे वर वाचलंच आहे.

अंग पुसताना टॉवेल टिपायचा, रगडायचा नाही. त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचा. बाथरूममधून बाहेर येऊन फोन बघून मग लावू, असं केलं तर निम्मा उपयोग गेला.

कोणता लावायचा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची तुलना झाली. २०२२ मध्ये निकाल आला तो असा की परिणामात म्हणण्याजोगा फरक नाही. तेव्हा जो तुमच्या हातून रोज लागेल तो चांगला. चिकट वाटतो म्हणून डबीतच राहणारा महागडा ऑइंटमेंट काही कामाचा नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर दिवसा क्रीम आणि रात्री ऑइंटमेंट, कारण हातमोजे घालायच्या कामात ऑइंटमेंट जमत नाही.

प्रमाणात मात्र हात आखडू नका. अंगभर इसब असेल तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतो, मुलांना कमी आणि मोठ्यांना जास्त. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही मॉइश्चरायझर लावत नाही आहात, त्याचा वास घेत आहात. केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने हात फिरवा, म्हणजे केसांची मुळं सुजणार नाहीत.

डबीत बोटं बुडवू नका. स्वच्छ चमच्याने बाहेर काढा, किंवा पंपाची बाटली घ्या. उघड्या डब्यातल्या क्रीममध्ये जीवाणू वाढतात, आणि ते रोज आपल्याच हाताने चट्ट्यावर परत जातात. दुसरी खबरदारी आगीची. अंगावरचा मॉइश्चरायझर कपड्यांत, पांघरुणात मुरतो आणि असं कापड चटकन पेटतं. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. गॅस, मेणबत्ती, सिगारेट यांच्यापासून जपा.

दाह शमवणं

मॉइश्चरायझर दाह विझवत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम किंवा टॅक्रोलिमससारखं बिगरस्टिरॉइड मलम लागतं. स्टिरॉइडच्या नावाने लोक दोन टोकांना जातात. एक गट घाबरून मटाराएवढं मलम अख्ख्या हाताला फासतो आणि ‘फरक पडत नाही’ म्हणतो. दुसरा गट दुकानातून मिळेल ते जहाल मलम महिनोन्‌महिने तोंडाला लावतो. दोघांचीही त्वचा बिघडते. जपून वापरायचं म्हणजे कमी वापरायचं असं नाही, नेमकं वापरायचं.

नेमकेपणासाठी बोटाचं माप आहे. ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची पट्टी काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मुलाला लावतानाही बोट मोठ्या माणसाचंच धरायचं. चट्टा किती तळहातांएवढा आहे ते मोजा, निम्म्या करा, तेवढ्या पट्ट्या. चेहरा, पापण्या, जांघा, काखा इथली त्वचा पातळ, तिथे सौम्य मलम. कोणत्या जागेला कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. दोन-तीन ट्यूब घरात असल्या की तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर यांत थोडं अंतर ठेवा, नाहीतर एक दुसऱ्यात मिसळून नको तिथे पसरतं.

चट्टा दिसेनासा झाला की सगळे मलम थांबवतात. पण डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या जागी आत दाह धुमसत असतो, आणि ३९ टक्क्यांचा आकडा आठवा, जीवाणूही असतो. ज्यांचं इसब त्याच त्या जागी परत परत उफाळतं, त्यांना डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस तिथे मलम चालू ठेवायला सांगतात. उफाळण्याच्या वेळा त्याने खरंच लांबतात. माझ्या डाव्या मनगटाचं हेच चालू आहे. तुमच्या डॉक्टरांनी हा विषय काढला नसेल तर तुम्ही काढा.

आणि एक गोष्ट आधी पक्की करून घ्या की ते इसबच आहे. कडा उठावदार आणि मधला भाग निवळलेला अशी गोल चकती असेल तर तो नायटा असू शकतो. नायट्यावर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते, रूप बदलतं आणि बुरशी निवांत पसरते.

खरा संसर्ग कसा ओळखायचा

जीवाणूचं असणं आणि संसर्ग होणं यातला फरक प्लेटवर दिसत नाही, अंगावर दिसतो. चट्ट्यातून लस वाहायला लागली, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पुवाचे फोड आले, लाली चट्ट्याच्या बाहेर पसरत चालली, जागा गरम आणि दुखरी झाली, जवळच्या गाठी सुजल्या, ताप आला, किंवा नेहमी दाद देणारं मलम एकाएकी चालेनासं झालं, तर संसर्गाचा विचार करायचा. गडद त्वचेवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, कधी दिसतच नाही. तिथे स्पर्शावर आणि दुखण्यावर भर द्या. नुसती थोडी लस आणि थोडी खपली उफाळलेल्या इसबातही येते.

हा फरक पैशांचा नाही, परिणामांचा आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत, संसर्ग झाल्यासारखं दिसणाऱ्या पण सौम्य इसबाच्या मुलांना स्टिरॉइड मलमाच्या जोडीला तोंडाने अँटिबायोटिक किंवा अँटिबायोटिकचं मलम देऊन पाहिलं. त्यांना जास्तीचा फायदा झाला नाही. उलट फ्युसिडिक ॲसिड, म्युपिरोसिन अशी मलमं सुटी सुटी, मनाला येईल तेव्हा वापरली की त्यांना न जुमानणाऱ्या जाती तयार होतात. अशा प्लेटा मी बघते. अँटिबायोटिकची चकती ठेवलेली असते आणि तिला अगदी चिकटून वसाहती सोनेरी गालिचासारख्या वाढलेल्या असतात. ताप असेल, लाली पसरत असेल, अंगात कणकण असेल, तर मात्र अँटिबायोटिक टाळू नका आणि दिलेला कोर्स पुरा करा.

स्वॅब कधी घ्यायचा? अँटिबायोटिक देऊनही उतार पडला नाही, संसर्ग परत परत होतोय, किंवा माणूस बराच आजारी दिसतोय तेव्हा. प्रत्येक वेळी नको. घ्यायचाच झाला तर औषध सुरू करण्याआधी घ्या, आणि त्या दिवशी त्या जागी मलम लावू नका. लस वाहते ती जागा निवडा. कोरड्या खपलीवरून घ्यायचा असेल तर काडी निर्जंतुक सलाइनने ओली करतात. फॉर्मवर ‘त्वचा’ एवढंच लिहून पाठवू नका. कोणती जागा, किती दिवसांचं, कोणती औषधं चालू आहेत, हे लिहिलं की आम्हाला रिपोर्ट अर्थपूर्ण करता येतो. वाढ दिसायला साधारण एक दिवस, आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल हे कळायला आणखी एक दिवस लागतो. एक दिवस आधी फोन करून जीवाणूला घाई करता येत नाही. संसर्ग सारखा होत असेल तर नाकाचाही स्वॅब घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा साठा तिथे असतो, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नाकात. इसब लागत नाही, पण ऑरियस टॉवेलवरून इकडे तिकडे जातो. टॉवेल वेगळे ठेवा, नखं कापलेली ठेवा.

एका गोष्टीत मात्र वाट पाहायची नाही. इसबाच्या जागी एकाएकी एकसारखे दिसणारे बारीक फोड किंवा ठोक्याने पाडल्यासारखे गोल खड्डे उठले, ते झपाट्याने पसरू लागले, खाजेपेक्षा दुखू लागले आणि ताप आला, तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिंप्लेक्स या विषाणूचा प्रसार असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोळ्याजवळ असेल तर तासही घालवू नका. याला अँटिबायोटिक चालत नाही, विषाणूविरोधी औषध लागतं. ओठावर फोड आलेल्या माणसाने इसबाच्या बाळाची पापी घेऊ नये ते यासाठी.

ब्लीचचं पाणी, प्रोबायोटिक आणि इतर

ब्लीचच्या पाण्यात बसण्याबद्दल लोक कुजबुजत विचारतात, म्हणून मोकळेपणाने सांगते. हा उपाय खरा आहे आणि वैद्यकात वापरला जातो. पाण्यात ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ०.००५ टक्के, आठवड्यातून दोनदा, पाच ते दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुऊन लगेच मॉइश्चरायझर. २००९ मध्ये मुलांवरच्या एका लहान चाचणीत त्याने आजाराची तीव्रता कमी झाली. पण नंतरच्या काही अभ्यासांत साध्या पाण्याची आंघोळही जवळपास तेवढीच कामाची ठरली. एवढ्या पातळ द्रावणात ऑरियस फारसा मरतही नाही, तेव्हा फायदा होतो तो कदाचित दुसऱ्याच वाटेने. मध्यम ते तीव्र इसब असेल आणि संसर्ग परत परत होत असेल तर डॉक्टरांशी बोला. अंदाजाने मात्र कधीच करू नका. घरगुती ब्लीचची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते, काहींत सुगंध आणि डिटर्जंटही असतं, आणि चूक झाली तर त्वचा भाजते. दमा असेल तर वासाने त्रास होऊ शकतो.

तोंडाने घ्यायच्या प्रोबायोटिक गोळ्यांबद्दल कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याचा निष्कर्ष असा की इसबाच्या लक्षणांत त्यांनी फारसा फरक पडत नाही. त्वचेवर लावायचे उपयोगी जीवाणू ही निराळी गोष्ट. गॅलो यांच्या गटाचा स्टॅफिलोकॉकस होमिनिसचा प्रयोग २०२१ पर्यंत माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचला होता. दुकानात ‘मायक्रोबायोम’ (म्हणजे त्वचेवरची जीवाणूंची वस्ती) लिहिलेल्या क्रीमचा त्याच्याशी संबंध असेलच असं धरू नका. त्यातला मॉइश्चरायझर चांगला असेल तर तेवढ्यासाठी घ्या.

‘इम्युनिटी बूस्टर’बद्दल मी फार बोलत नाही. जी यंत्रणा आधीच भलतीकडे धावते आहे तिला आणखी धावायला का लावायचं, एवढं विचारते.

सोरायसिस असणाऱ्यांनी वरचं सगळं तसंच्या तसं लावून घेऊ नये. तिथे जोर इंटरल्यूकिन-१७ आणि २३ चा असतो आणि जीवाणूचा संबंध वेगळ्या जागी सापडतो. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे चट्टे उठतात, तो सोरायसिसचाच एक प्रकार. त्यामुळे सोरायसिस अचानक असा फुलला तर घसा दुखला होता का ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. मुरुमांतला जीवाणू आणखी तिसरा.

डॉक्टरांकडे जाताना

‘खूप खाज येते’ यावरून डॉक्टरांना काहीच मोजता येत नाही. त्यासाठी पोएम नावाची सात प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, लस आली, त्वचा चिरली, पापुद्रे निघाले, कोरडेपणा जाणवला. एकूण गुण ० ते २८. सातपर्यंत सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ पासून पुढे तीव्र. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी भरा. तीन-चार गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल समजायचा, त्याहून कमी असेल तर औषध बदलायची घाई नको. उफाळलेल्या चट्ट्याचे फोटो त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून काढा, कारण भेटीच्या दिवशी त्वचा हटकून छान दिसते.

योग्य ताकदीचं मलम, भरपूर मॉइश्चरायझर, नीट प्रमाण, सगळं करूनही गुण १७ च्या खाली येत नसतील तर प्रकाशोपचार, डुपिलुमॅब किंवा जॅनस कायनेज (दाहाचे संदेश पेशीच्या आत पोहोचवणारी विकरं) रोखणाऱ्या गोळ्या यांच्याबद्दल विचारायची वेळ झाली. त्या भेटीला जुने स्वॅब रिपोर्ट न्या, पण वरच्या बाजूला ठेवू नका. वरती पोएमचे आकडे, मग फोटो, मग आतापर्यंत कोणतं मलम किती ग्रॅम संपलं त्याची यादी.